हरवलेले खेळ

तुम्ही माउस धरायला कसे शिकलात? मी तर पत्त्यांच्या डावातून शिकलो! १९९० साली विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर आला. पत्ता धरायचा, ओढायचा, जागेवर सोडायचा. खेळता खेळता माउसवर हात बसला.

पुढे ब्राउझरमध्ये फ्लॅशचे छोटे छोटे खेळ आले. मधल्या सुट्टीत एक डाव सहज व्हायचा. पण २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाले आणि हजारो खेळ उघडेनासे झाले. नशीब, इंटरनेट अर्काइव्हने त्यातले बरेच जपलेत. 'रफल' या एम्युलेटरमुळे ते आजही चालतात.

परवा वर्गात असाच एक खेळ दाखवला. एकाने विचारलं, "सर, पुढची लेव्हल विकत घ्यावी लागत नाही?"

तुमचाही जुना खेळ शोधा. मुलांना शेजारी बसवा, एक डाव होऊन जाऊ द्या!