कॉफीबाई, आमच्याकडं कधी राहणार?

श्रीमती कॉफीबाई यांस,
मलकापूर, ता. कराड येथून सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परसातलं तुमचं रोप वैशाखात वाळलं. चिकमगळूरहून भाच्यानं एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं हो! आमच्या मलकापुरात नळाला चोवीस तास पाणी, तेव्हा तहानेची सबब सांगू नका. तुम्हाला हजारभर मीटर उंची, गारवा आणि वर झाडांची सावली लागते. आम्ही पडलो पावणेसहाशे मीटरवरचे. ऊस बरा, मानपान मागत नाही. (पाणी मागतो, ते सोडा.)

उंचीचाच रुसवा म्हणावा, तर चिखलदऱ्याचं काय? इंग्रजांनी तुम्हाला तिथं नेलं, अकराशे मीटरवर, गाविलगडाच्या शेजारी. महाराष्ट्रात नांदायला एवढा डोंगर मिळाला आणि तिथंही तुम्ही कोपऱ्यातच राहिलात. चिखलदऱ्याची कॉफी मागितली की आमचा वाणी माझ्याकडं बघतो आणि चहाची पुडी पुढं करतो.

तिकडं कोलंबियात मात्र तुम्ही घरच्याच झालात. मूळच्या हबसाणातल्या (आजच्या इथिओपियातल्या), म्हणजे तिथंही परक्याच! फ्रान्सिस्को रोमेरो नावाचे पाद्री पापाचं प्रायश्चित्त म्हणून लोकांना तुमची रोपं लावायला सांगत, अशी कथा आहे. आमच्याकडं प्रायश्चित्ताला उपास. एखाद्या भटजींना हे सुचतं, तर सह्याद्रीच्या उतारावर आज जागा उरली नसती. तिथला अँडीजचा डोंगर विषुववृत्ताजवळचा, बऱ्याच भागात पाऊस वर्षातून दोनदा. त्यामुळं मुख्य तोडणीनंतर एक धाकटी तोडणीही मिळते, तिला ‘मिताका’ म्हणतात. आमचा पाऊस चार महिन्यांत सगळं देऊन मोकळा. शिवाय तिथं तुम्ही एकरा-दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या बांधाला गेलात. तिथल्या उत्पादकांनी 1927 साली आपला महासंघ उभा केला. पुढं 1989 मध्ये देशादेशांतला कोट्याचा करार मोडला, भाव कोसळले आणि तुम्ही त्या गरिबांना रडवलंत. दराची वाट बघणं म्हणजे काय, ते आम्हा ऊसवाल्यांना कुणी शिकवायला नको.

आमच्या घरी तुम्ही यायचात त्या पाहुणे आले की. आजी सहाणेवर जायफळ उगाळायची, दूध आटवायची आणि त्यात तुम्हाला चिमूटभर सोडायची. मुलगी बघायला आलेल्यांना कॉफी, आम्हा पोरांना बशीतला चहा. तुमची खरी चव मला पस्तिशीत कळली, तीही चिकमगळूरला. बाबा बुदान यांनी येमेनहून लपवून आणलेल्या सात बियांवर तिथं तुमचा संसार उभा राहिला, असं सांगतात. आमच्या दारावरून जाणारा महामार्ग बेंगळुरूलाच जातो. त्याच रस्त्यानं तुम्ही पुण्या-मुंबईला जात असणार, पण मलकापुरात म्हणून उतरायचं नाही!

असो. पावसाळ्यात भाचा पुन्हा एक रोप आणतोय. या खेपेस आंब्याच्या सावलीत खड्डा काढून ठेवलाय, शेणखतही घातलंय. बी नका देऊ, एकदा पांढरी फुलं तेवढी दाखवा. जायफळ बंद करायला मी तयार आहे; घरात अजून विचारलेलं नाही.

लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक ऊसवाला