गाईचे औषध मांजराला नको

सुगी उरकून ज्वारीची पोती घरात येऊन पडली की पाठोपाठ उंदीर येतात. मग घरोघर मांजराच्या पिल्लाची चौकशी सुरू होते. कुणाच्या तरी माळ्यावर मांजर व्यालेले असते. मुले एक पिल्लू टोपलीत घालून आणतात. चार दिवस त्याचे कौतुक होते आणि आठवडाभरात ते दगावते. ‘लाभले नाही’ म्हणून आपण गप्प बसतो.

नोकरीनिमित्त पंचवीस-तीस वर्षे गावोगाव फिरताना मी पाहिले आहे, की अशी पुष्कळ पिल्ले आपल्या मायेनेच जातात.

पहिली गोष्ट वयाची. पिल्लू 8 आठवड्यांचे होईपर्यंत आईपाशीच राहू द्या. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात, फिरवू द्या. आईच्या दुधातून रोगाशी झुंजण्याची ताकद मिळते. घरी आणल्यावर पोते किंवा जुने लुगडे घातलेल्या खोक्यात, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. लहान पिल्लू लवकर गारठते.

दुसरी गोष्ट दुधाची. मांजर म्हणजे वाटीभर दूध, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. पण गाई-म्हशीचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही. हगवण लागते, अंगातले पाणी जाते आणि एवढासा जीव दोन दिवसांत आटोपतो. प्यायला स्वच्छ पाणी ठेवा. दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला द्या. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर निरोगी राहत नाही. त्याला मांसाहार लागतोच. उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी किंवा हाड नसलेले मांस द्या. मीठ-मसाला, कांदा-लसूण नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. मागच्या पावसाळ्यात एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर पिल्लू थरथर कापत पडले होते, तोंडाला फेस होता. घरच्या आजी म्हणाल्या, “पिसवा झाल्या होत्या, म्हणून गोचिडाचे औषध चार थेंब पाण्यात घालून चोळले. गाईला चालते, मग ह्याला का नाही, साहेब?” तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

आजींचा प्रश्न रास्त होता. गाईचे वजन तीन-चारशे किलो, पिल्लाचे जेमतेम पाऊण किलो. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटते; अंगावरचे सारे पोटात जाते. त्यातून सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधे मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. चुकून लागलेच, तर कोमट पाणी व साबणाने धुऊन, कोरडे करून लगेच डॉक्टरांकडे न्या. पिसवा बारीक फणीने काढा आणि खोक्यातले कापड उकळत्या पाण्यात टाका.

तीच गोष्ट आपल्या तापाच्या पॅरासिटामॉल गोळीची. तिचा तुकडासुद्धा पिल्लाचा जीव घेऊ शकतो. फिनेलने पुसलेली जमीन वाळेपर्यंत त्याला तिकडे फिरकू देऊ नका. आणि घरात मांजर असेल तर उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकू नका. विष खाऊन मेलेला उंदीर मांजराच्या पोटात जातो.

पोट फुगलेले आणि अंग वाळलेले दिसले तर जंत समजा. जंताचे औषध वजनावर ठरते, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच द्या. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या. ती पिल्लाइतकीच तुमच्या लेकरांसाठी आहे. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना भरू नका.

पुढच्या खेपेला जनावर दाखवायला दवाखान्यात जाल, तेव्हा पिशवीत पिल्लूही घेऊन जा.