तट आणि कट
व्हिडिओ एडिटिंगमध्ये सध्या सगळ्यांत जास्त मागणी असते ती कॅमेरा झपकन वळल्याचा भास देणाऱ्या ट्रान्झिशनला. व्हिप पॅन, झूम, स्पिन. तयार प्रीसेट उचलायचं, कटावर सोडायचं, झालं काम, असं नव्या मुलांना वाटतं. झाशीत लग्नाच्या आणि गणेशोत्सवाच्या फिल्म कापत बसणाऱ्या माझं मत मात्र ठाम आहे: ही गती आधी शॉटमध्ये असावी लागते. सॉफ्टवेअर ती फक्त पलीकडच्या शॉटपर्यंत पोचवतं.

माझ्याकडे येणाऱ्या मराठी घरांना दोन जागा फिल्ममध्ये हव्याच असतात. एक किल्ला आणि दुसरं किल्ल्याजवळचं गणेश मंदिर, जिथे १८४२ मध्ये मणिकर्णिका, म्हणजे पुढची राणी लक्ष्मीबाई, आणि झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांचं लग्न लागलं. तटाची भिंत डावीकडून उजवीकडे सरकायला लागते, वेग घेते आणि नजर स्थिरावते तेव्हा समोर देवळाचं दार असतं. हा कट मला मनापासून आवडतो, कारण ती दोन ठिकाणं खरोखरच एकाच गोष्टीतली आहेत.

पण तो जमवायचा तर बारीक बघावं लागतं. कटाच्या वर ॲडजस्टमेंट लेयर टाकायचा, अलीकडे पाच-सहा फ्रेम, पलीकडे तेवढ्याच. इफेक्ट चित्राच्या चारही बाजूंना त्याचीच आरशातली प्रत जोडतो आणि तो सगळा पट सरकवतो. मधल्या एका फ्रेमवर थांबून पाहा: कडेला बुरूज असेल तर बुरुजाला जुळा भाऊ फुटलेला दिसतो. दगड, आकाश, झाडी असेल तर वेगात ते खपून जातं. कडेला नवरीची मावशी उभी असेल तर तिला दोन डोकी येतात, आणि माणसाचा चेहरा डोळा अर्ध्या क्षणातही पकडतो. म्हणून वळायच्या आधी फ्रेमच्या कडेला दगडच येईल असं मी शूटिंगच्या वेळीच बघतो. वेगाचा आलेख कटावर शिखराला पोचला पाहिजे, आणि पहिला शॉट ज्या दिशेने गेला त्याच दिशेने दुसरा थांबला पाहिजे. दिशा उलटली की बघणाऱ्याला ठेच लागते, का ते त्याला सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न बुंदेलखंडाच्या उन्हाचा. सेकंदाला पंचवीस फ्रेम घेताना शटर साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यावर असेल तर वळणाऱ्या कॅमेऱ्यात आपोआप धूसरपणा येतो. मे महिन्यात भर दुपारी मोबाइल मात्र शटर कितीतरी वेगवान करून टाकतो. मग प्रत्येक फ्रेममध्ये भिंतीचा दगड न् दगड धारदार दिसतो आणि पॅन तुटक, अडखळता होतो. त्यावर सॉफ्टवेअरचा मोशन ब्लर चढवता येतो, पण आजूबाजूचं चित्र धारदार आणि मधलाच तुकडा पुसट, हे ठिगळ लपत नाही. लेन्सवर एनडी फिल्टर लावून प्रकाश अडवणं, हाच खरा इलाज.

आणि काही जागी हा इफेक्ट वापरूच नये. किल्ल्यावर ‘जंपिंग स्पॉट’ म्हणून एक जागा दाखवतात. १८५८ च्या एप्रिलमध्ये राणीने दत्तक मुलगा दामोदरराव याला पाठीशी बांधून इथूनच घोडा उडवला, असं गाइड सांगतात. प्रत्येक नव्या पोराला तिथून कॅमेरा खाली फेकून थेट गावातल्या रस्त्यावर उतरायचं असतं. मी ते होऊ देत नाही. तिथे जे बघायचं ते उंचीच आहे. तटाच्या कडेला उभं राहून खाली नजर टाकली की पोटात गोळा येतो, तो गोळा सहा फ्रेममध्ये गिळून टाकला तर मग दाखवलं काय? तिथे तिवई रोवायची, शॉट लांब ठेवायचा आणि साधा कट मारायचा.

झटक्याने वळणं अंतर गिळतं, तसा काळही गिळतं, आणि माझ्या मते त्याचा खरा कस तिथे लागतो. ऑर्सन वेल्सच्या १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये न्याहारीच्या टेबलावरचं एक लग्न वर्षावर्षांनी विटत जातं, प्रत्येक टप्प्याला कॅमेरा सपकन वळतो आणि नवरा-बायको आणखी दुरावलेले दिसतात. रॉबर्ट वाइज या संकलकाने केवढ्या थोड्या वेळात किती आयुष्य बसवलंय! तेव्हा बटणावर प्रीसेट नव्हती. पुढच्या प्रसंगात कॅमेरा कुठून कुठे वळणार हे आधीच ठरवावं लागे.

तेच मी लग्नांत करू बघतो. साखरपुडा थंडीत, लग्न उन्हाळ्यात. साखरपुड्याला आई ओवाळून झाल्यावर तबक घेऊन उजवीकडे वळते, तिच्याबरोबर कॅमेराही वळतो. हळदीच्या दिवशी ती पुन्हा तबक घेऊन वळणार असते, तेव्हा मी आधीच योग्य बाजूला जाऊन उभा राहतो, आणि मदतनीसाला सांगून ठेवतो की तिच्या डाव्या हाताला कुणालाही उभं राहू देऊ नकोस, फक्त भिंत हवी.