स्वस्त हत्यार, महाग हवा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात लोखंड लवकर सडतं. उल्हास नदीकाठची दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांची आम्लाची वाफ या तिघांपुढे गेट, जिना, टाकीचा स्टँड, पाइपलाइन काहीच फार काळ तग धरत नाही. गंज काढून रंग चढवणं हा माझा धंदा. पावसाळा सरला की फॅब्रिकेशनवाले आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी हमखास विचारतात, ‘हवेवर चालणारं स्वस्तातलं हत्यार कोणतं घेऊ?’

मी सांगतो, हत्यार शेवटी बघा. आधी कॉम्प्रेसर बघा.

कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा आकडा बहुतेक वेळा पिस्टनच्या हिशोबाचा असतो. नळीतून प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून बरीच कमी भरते. ती मोजणं सोपं आहे. टाकी 200 लिटरची असेल तर सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि काटा 5 किलोवरून 6 किलोवर जायला किती सेकंद लागतात ते बघा. 40 सेकंद लागले तर मिनिटाला साधारण 300 लिटर, म्हणजे 10 सीएफएम हवा तुमच्या हातात आहे. सुयांचे ठोके मारून गंज उडवणारी लहान नीडल गन सलग चालवली तर एवढी हवा सहज खाते. चार इंची एअर ग्राइंडरला याच्या दुप्पट तरी लागते. स्वस्त हत्याराच्या डब्यावर छापलेला आकडा बहुधा थांबत थांबत वापरण्याचा असतो. त्यावर विसंबून घेतलेला ग्राइंडर दोन मिनिटांत मलूल पडतो आणि दोष हत्याराला लागतो. नळीही पाव इंची नको. लांब अंतरावर दाब तिथेच मरतो.

हवेचा हिशोब जमला की धातूकडे वळा. चॅनल, अँगल, जाड प्लेट, वेल्डिंगचे सांधे यांवर पपडी धरलेली असेल तर नीडल गनच घ्यावी. तिच्या 3 मिलिमीटरच्या सुया खाचाखोचांत आपोआप बसतात. पातळ पत्र्यावर मात्र ती चालवू नका. पत्र्याला पोचे पडतात. तिथे कप ब्रश किंवा फ्लॅप डिस्क बरी. कप ब्रशनं लोखंड चकाकतं, पण चकाकी म्हणजे सफाई नव्हे. ब्रश गंजाचा पातळ थर पृष्ठभागावरच घासून गुळगुळीत करतो आणि त्यावर रंग धरत नाही. दुकानात नीडल गन हातात घेतली की आधी विचारा, सुट्या सुया आणि पिस्टन मिळतात का? मिळत नसतील तर कितीही स्वस्त असली तरी ती ठेवून द्या.

2021 च्या मे महिन्यात उल्हासनगरात स्लॅब कोसळून माणसं गेली. तेव्हापासून उघड्या पडलेल्या सळ्या साफ करण्यासाठीही नीडल गनची विचारणा होते. सळीसाठी हत्यार योग्य आहे. पण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. अशा स्लॅबवर ठोके मारण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहणी करून टेकू लावून घेतलेच पाहिजेत. इथे घाई नको.

रासायनिक कंपनीत हवेचं हत्यार मागतात, कारण त्यात विजेचा धक्का आणि मोटरची ठिणगी नाही. पण पोलादावर पोलादाची सुई आपटली की ठिणगी उडतेच. सॉल्व्हंटजवळ हॉट वर्कची परवानगी घेतल्याशिवाय हात लावू नये. टाकीच्या आतल्या अस्तरासाठी एसए 2½ दर्जाची सफाई मागितली असेल तर तिथे ब्लास्टिंगच लागतं. हाताच्या हत्यारानं फार तर एसटी 3 गाठता येतं. ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरू नका. तिच्या धुळीनं सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

खर्चाचंही स्पष्ट सांगतो. पाच एचपीचा कॉम्प्रेसर पूर्ण भारावर तासाला साधारण चार युनिट वीज खातो. चार इंची विजेचा ग्राइंडर त्याच्या पाव हिश्शात भागवतो. तेव्हा कॉम्प्रेसर आधीच दारात असेल, काम ओलसर जागी असेल किंवा पपडी जाड असेल, तरच हवेवरचं हत्यार परवडतं. दोन गेटांसाठी कॉम्प्रेसर विकत घेण्यात अर्थ नाही.

काम सुरू करण्याआधी टाकीतलं पाणी काढा आणि हत्यारात एअर टूल ऑइलचे चार थेंब सोडा. रासायनिक पट्ट्यातलं लोखंड आधी साध्या पाण्यानं धुऊन वाळवा, नाहीतर खड्ड्यांतले क्षार रंगाखालून पुन्हा गंज चढवतात. साफ केलेल्या लोखंडावर प्राइमर त्याच दिवशी चढला पाहिजे. हवेत 85 टक्क्यांवर दमटपणा असेल तर त्या दिवशी सफाईलाही हात घालू नका.

कारागिराला चष्मा, फेस शील्ड, मास्क आणि कानांचे प्लग द्या. नीडल गनच्या हादऱ्यांनी वर्षानुवर्षांत बोटं बधिर, पांढरी पडतात. म्हणून हात आलटून पालटून, मध्ये विश्रांती देऊन काम करवा. पैसे वाचवायचे असतील तर हत्याराच्या ब्रँडमध्ये जरूर वाचवा. हवेत, प्राइमरमध्ये आणि माणसाच्या सुरक्षिततेत मात्र एक रुपयाही वाचवू नका.