मिनामाताचे कोळी आणि एक करारपत्र

जपान म्हटले की आम्हा नोकरदार माणसांना मोठमोठे कारखाने आठवतात. परंतु त्याच जपानच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, मिनामाता नावाचा एक लहानसा उपसागर आहे. त्याची हकिकत प्रत्येक कष्टकरी कुटुंबाने वाचावी, असे आम्हाला वाटते.

समोर शिरानुई समुद्र, पलीकडे अमाकुसा बेटे. त्यामुळे पाणी शांत. किनाऱ्यावर त्सुकिनोउरा, युदो, मोदो असे कोळीवाडे. नवरा-बायको एकाच होडीतून मासेमारीला जात. ऑक्टोपस धरायला दोरीला मडकी बांधून तळाशी सोडत. रोजच्या जेवणात मासळी हीच मुख्य.

गावात चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यातला विषारी पारा समुद्रात, माशांत आणि माशांतून माणसांत गेला. आधी मांजरे वेड्यासारखी नाचून मेली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, जीभ अडखळू लागली. आईच्या पोटातली बाळेही सुटली नाहीत. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली.

लोकांना वाटले, रोग संसर्गाचा आहे. दुकानदार रुग्णांच्या घरचे पैसे हातात घेईनात. याचे दुःख काय असते, हे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही.

१९५९ मध्ये कारखान्याच्याच इस्पितळातील डॉ. होसोकावा यांनी मांजराला सांडपाणी घातलेले अन्न देऊन पाहिले. मांजराला तोच रोग झाला. कंपनीने ही गोष्ट दडपली आणि त्याच वर्षाअखेर पीडितांशी करार केला. मृत्यूबद्दल ३ लाख येन. पुढे दोष कारखान्याचा ठरला तरी जादा मागणी करायची नाही! अडलेल्या माणसांनी सह्या केल्या. विषारी पाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिले.

१९६९ मध्ये २९ कुटुंबे कोर्टात गेली. गावातल्या अनेकांची रोजीरोटी कारखान्यावर, म्हणून गावही नाराज. तरी ती मागे हटली नाहीत. २० मार्च १९७३ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. कोर्टाने तो करार नीतीविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवला.

पाऱ्याचा गाळ काढून केलेला ५८ हेक्टरांचा भराव १९९० मध्ये पूर्ण झाला. १९९७ मध्ये उपसागर सुरक्षित जाहीर झाला. भरावावर आज उद्यान आहे. तेथे रुग्णांनी व त्यांच्या सोबत्यांनी स्वतः घडवलेल्या लहान दगडी मूर्ती समुद्राकडे पाहत बसल्या आहेत.

बंधू-भगिनींनो, गरज कितीही मोठी असो, कागद वाचल्याशिवाय सही करू नका. आणि सही होऊन गेली असली, तरी लढाई संपली असे मानू नका. मिनामाताच्या २९ कुटुंबांनी ते मानले नाही.