काशावरचे देव

रोमच्या मजुराच्या हाती सोनं क्वचितच पडत असेल. त्याच्या कनवटीला असायचा तो 'अस', काशाचा जाडजूड तुकडा. त्यावर जेनस: एका मानेवर दोन चेहरे, एक आल्या वाटेकडे पाहणारा, दुसरा पुढच्या. दारांचा आणि आरंभाचा हा देव. मागे जहाजाची नाळ. रोमची पोरं हेच नाणं उडवून 'डोकी की जहाजं' असं ओरडत, आपल्याकडे छापा-काटा करतात तशी. 'अस'हून हलक्या नाण्यांवरही देवच होते. सॅटर्न, मिनर्व्हा, हर्क्युलिस, मर्क्युरी. ज्या पैशात जेमतेम भाकरी यायची, त्याच्यावरही कुणीतरी देव होता, याचं मला फार अप्रूप आहे. जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या नाण्यावर आला तो इ.स.पू. 44 मध्ये, ज्युलियस सीझरचा. पुढे सम्राट दर्शनी बाजूला बसले आणि देव पाठीमागे गेले.

ते कासं आमच्याकडे फारसं उतरलं नाही. दख्खनच्या व्यापारात मान होता सोन्या-चांदीला. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात ज्याला तगर म्हटलं आहे ते आपलं तेर. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं. पण तेरने दिलेली मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू मातीची आहे. रोमन नाण्यांवरून उठवलेल्या, भाजलेल्या मातीच्या चकत्या तिथे सापडल्या. अशा चकत्यांना दोरा ओवायला भोक नाहीतर कडी असते. ज्याला खरं नाणं परवडत नव्हतं, त्याने ते मातीचं करून गळ्यात घातलं असावं. हजाराहून अधिक वर्षांनी याच गावात संत गोरा कुंभार, आपले गोरोबाकाका, माती तुडवत होते.

नाणं नुसतं गळ्यात नाही, मरणातही सोबत यायचं. रोममध्ये मेलेल्याच्या तोंडात ते ठेवत, पलीकडे नेणाऱ्या नावाड्यासाठी. आपण तुळशीपान ठेवतो, जमलं तर सोन्याचा कण.

तेरसारखं नाणं गळ्यात घालणं अजूनही दिसतं. हिमायतनगरला, म्हणजे जुन्या वाढोण्याला, महाशिवरात्रीला परमेश्वराची यात्रा भरते. तिथल्या दागिन्यांच्या दुकानांत पुतळ्यांच्या, म्हणजे नाण्यांसारख्या चकत्यांच्या, माळा लटकतात, बहुतेक पितळेवर मुलामा दिलेल्या. पुतळीचा मूळ नमुना व्हेनिसचं सोन्याचं डुकाट: उभे संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. ते राज्य 1797 साली बुडालं. माळा अजून ओवल्या जातात. नकलेची नक्कल होता होता संताचा झगा, निशाणाची काठी, सगळं दोन रेघा आणि काही ठिपक्यांवर आलं आहे. विचारलं तर एखादी बाई राम-सीता सांगते, दुसरी लक्ष्मी-नारायण. मला दोघींचंही पटतं. तेरच्या त्या कारागिरानेही सम्राटाचं नाव कुणाला विचारलं नसणार. मुद्रा उमटली, कडी बसली, भट्टी लावली.