दहाच्या पुढचे सात

भाची रावेरहून सकाळच्या गाडीने येते आणि सिंधीपुऱ्यातल्या माझ्या माडीवर काम शिकते. तिसऱ्याच आठवड्यात जुने कागद चाळताना तिने विचारलं, "मामा, या दुकानाचे दरवेळी बरोबर दहाच हुक कसे?"

"दहाच आहेत म्हणून," मी म्हटलं.

दुकान केळीच्या वेफर्सचं, चालतं वूकॉमर्सवर. ऑर्डर पडली की ते ज्या ज्या पत्त्यांना आपणहून बातमी धाडतं, त्या वेबहुकांची झडती दर तिमाहीला मी घेतो आणि शेठना कागद देतो. दहा ओळी, दहाही हिरव्या. शेठ खूश, मी त्याहून खूश.

पोरीने यादीबरोबर आलेला मथळ्याचा मजकूर उघडला. एकूण नोंदी किती, हे सांगणारी ओळ तिथे असते. आकडा होता १७. जास्त मागितल्या नाहीत तर वूकॉमर्स एका पानावर दहाच नोंदी देतं. मागितल्या तर शंभरापर्यंत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऑर्डरींच्या याद्या काढताना मी पानं उलटतोच. हुक असून असून किती असणार, या गुर्मीत इथे उलटली नाहीत. त्यात यादी येते नव्याकडून जुन्याकडे. वर एक नवा हुक जोडला की तळचा एक जुना पानाबाहेर जायचा, आणि तो गेला हे माझ्या लक्षातही येत नव्हतं. मी न पाहिलेले सात म्हणजे नेमके सगळ्यात जुने सात.

मेलेल्या हुकाची मला कधीच भीती वाटली नाही. ओळीने पाच-सहा वेळा पोच फसली की वूकॉमर्स त्याला आपणच बंद करतं. छळतो तो जिवंत हुक. समोरच्या पत्त्याने २०० म्हटलं की झालं, पोहोचलं. कुणाला पोहोचलं, कशासाठी, हे यादीत नसतं. नावावरून कळेल म्हणाल, तर नाव कुणी ठेवतच नाही. 'वेबहुक क्रिएटेड ऑन' आणि पुढे तारीख, हे आपोआप पडणारं नाव सतरापैकी अकरांना होतं. गावातल्या निम्म्या पोरांची नावं 'मंगळवारी झाला' अशी असावीत, तसं.

मग एकच उपाय उरतो. हुक थांबवायचा आणि कोण बोंबलतं याची वाट पाहायची. एकदा असाच एक थांबवला. तीन आठवडे कुणी हूं की चूं केलं नाही. काढूनच टाकणार होतो, तेवढ्यात जीएसटीचा पहिला रिटर्न भरायची ११ तारीख जवळ आली आणि हिशेबनिसाचा फोन आला, गेल्या महिन्याच्या शेवटची बिलंच नाहीत. थांबवलेला हुक मधल्या बातम्या साठवून ठेवत नाही. दोन रात्री बसून एकेक ऑर्डर हाताने भरली. तेव्हापासून शांततेवर माझा विश्वास नाही.

आमच्या बुऱ्हाणपूरला हे दुखणं वेगळं सांगायला नको. १६१५ च्या सुमारास, खानखानाच्या अमलात, सातपुड्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणलं तो कुंडी भंडारा. शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणजे त्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या उभ्या विहिरी. वरून चालत गेलं की कुंड्या मोजता येतात, पण खालच्या पाण्याला कुठे कुठे वाटा फुटल्या ते वरून मोजणाऱ्याला दिसत नाही.

इंदूरहून येणारे ऑडिटवाले आता चाळीस पानांची रंगीत पीडीएफ देतात. हिरवे गोळे, लाल गोळे. 'हा हुक कुणी लावला' हा रकाना मी त्यात अजून पाहिलेला नाही. शॉपिफायवर तर ॲपला फक्त स्वतः लावलेलेच हुक दिसतात. शेजारच्या ॲपचे दिसत नाहीत, आणि मालकाने सेटिंगमध्ये जाऊन हाताने लावलेलेही नाहीत. तरी तिथल्या अहवालांवरही 'संपूर्ण' असा शब्द असतो. मला हसायचा हक्क नाही, माझ्या कागदावरही तो होता. ठळक अक्षरात.

तर ते सात. चार मुक्कामालाच पोहोचत नव्हते, कधीच बंद पडलेले. एक जुन्या कुरिअरवाल्याचा, एक मेसेज पाठवणाऱ्याचा. सातवा चालू होता. पत्त्याला नाव नाही, नुसते आकडे, आणि शेवटी तिरप्या रेघेपुढे एकच शब्द: दाखव. प्रत्येक ऑर्डर तिकडे जात होती. गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल, घरचा पत्ता. समोरून दरवेळी २००.

"हा कुणाचा हो मामा?"

मी चष्मा पुसत बसलो. दुकान नवीन होतं तेव्हा शेठवर छाप पाडायला मी भाड्याच्या सर्व्हरवर एक पान केलं होतं. ऑर्डर पडली की पडद्यावर केळीचा घड हलायचा. शेठनी मावा जिलेबी मागवली होती. महिन्याभरात सर्व्हर सोडून दिला, हुक काढायचा राहिला. तो आकडी पत्ता पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळाला असणार, आणि त्याचं मशीन येईल त्याला 'मिळालं' म्हणत असणार. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यावर याच शेठना मी तासभर ऐकवलं होतं.

हुक मी लगेच काढला. थांबवला नाही, काढलाच.

भाचीने आता वही घातली आहे. पत्ता, कशासाठी, कुणी लावला, कुणाला विचारून. संध्याकाळी शेठचा फोन आला, ते जादाचे सात कुणाकुणाचे निघाले. "जुन्या लोकांचे," मी म्हटलं. फोन ठेवला तेव्हा पोरगी वहीत शेवटची ओळ भरत होती. 'कुणी लावला' च्या रकान्यात तिने 'मामा' लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून वही उघडीच ठेवली.